नंबर कुणाचा?

कबनूरला घरी आलो की हातकणंगले स्टेशनात गाड्यांचे नंबर वाचत बसायचं, ही माझी जुनी खोड. महालक्ष्मी आणि कोयना, दोघी कोल्हापूर-मुंबई, एकाच रुळांवरच्या. 20 डिसेंबर 2010 ला चाराचे पाच आकडे झाले, तेव्हा कोयना 11029-30 झाली, महालक्ष्मी मात्र 17411-12! दुसरा आकडा झोनचा: 1 मध्य, 7 दक्षिण मध्य. महालक्ष्मी तर सगळी मध्य रेल्वेत धावते. पण तिचे डबे तिरुपतीच्या हरिप्रियाबरोबर वाटून घेतलेले, म्हणून हा 7.

इंजिनांचं उलट. 1 एप्रिल 2003 ला हुबळी नव्या दक्षिण पश्चिम रेल्वेत गेलं. तिथल्या डिझेल इंजिनांवरची झोनची अक्षरं बदलली, नंबर तेच राहिले. कारण नंबर इंजिनाच्या जातीवरून, मालकावरून नाही. (क्रम मात्र अजब: डब्ल्यूडीएम-2 सुरू 18040 पासून, नंतरची 17 आणि 16 हजारांत. घ्या!)

सोमवारी मीटिंग आहे. क्लायंटनं दुसरी कंपनी विकत घेतलीय, आणि मॅनेजर म्हणतोय, ग्राहक क्रमांकातच कंपनीचा कोड घालू. जुनं बिल घेऊन काउंटरवर येणाऱ्याचं काय? मी 'नको' म्हणणार. अप्रेझल पुढच्याच महिन्यात आहे, पण असो.