मुक्या बाहुल्यांचा खेळ

आमच्या बेळगावकडे घरात किती भाषा बोलल्या जातात असे कोणी विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी त्या वेळी घरात कोण कोण हजर आहे ते पाहावे लागते. मी मराठी. सून कारवारची; ती सुट्टीला आली की स्वयंपाकघरात कोंकणी नांदू लागते. शेजारचा मुलगा कानडी, आणि तो निम्मा दिवस आमच्याच ओसरीवर. लेक निपाणीला दिली आहे. तिच्या मुलाच्या मराठीला कोल्हापूरचा वारा लागलेला, त्यामुळे ती रांगडी आणि ठसठशीत. उरली माझी थोरली नात. मुलाची नोकरी बंगळूरला, तेव्हा ती वाढली तेथे, आणि आईबापांच्या दोन भाषांच्या मधल्या फटीतून इंग्रजी तिच्यापर्यंत आधी पोहोचली. 'आजोबा, जेवलात का?' असे ती विचारी, 'हो, तू?' असे मी म्हणे. आणि तेथेच आमचे संभाषण संपे. प्रेमाला भाषा लागत नाही असे म्हणणाऱ्यांना अशा सुट्टीचे तीस दिवस काढायला लावावेत.

२०११ च्या उन्हाळ्यात मुलाने व्हिडिओ गेमचे यंत्र आणले. नात तेव्हा सहा वर्षांची होती. खेळाचे नाव 'लेगो इंडियाना जोन्स'. इंडियाना जोन्सच्या चित्रपटांवर इंग्लंडमधल्या ट्रॅव्हलर्स टेल्स या मंडळींनी तो २००८ साली रचला होता. त्यापूर्वी, २००५ साली, 'स्टार वॉर्स'वर त्यांनी असाच एक खेळ काढला होता. त्यांतला दुसरा चित्रपट, १९८४ सालचा, मी पाहिलेला होता आणि तो मला मुळीच रुचला नव्हता. कथा हिंदुस्थानातली, पण आपल्या सरकारचे पटकथेवरून जमले नाही, म्हणून चित्रण झाले सिंहलद्वीपात, कँडीच्या परिसरात. अमरीश पुरींसारखा थोर नट डोके तुळतुळीत करून त्यात राक्षसी पुजारी झाला होता. आपल्या देशाचे ते असले चित्र पाहून मी चित्रपटगृहातून चिडूनच बाहेर पडलो होतो. तेच मंदिर, तीच खाण, तोच दोरीचा पूल आता बोटभर उंचीच्या ठोकळ्यांच्या बाहुल्यांनी भरून गेला, आणि पाहतो तर त्यातले विष गेले होते. बाहुली भयंकर दिसू शकत नाही. फार तर ती हास्यास्पद दिसते.

खेळ दोघांनी मिळून खेळायचा. एकमेकांना हरवायचे नाही. एकाला जे जमत नाही ते दुसऱ्याने करायचे. जोन्स सापाला भितो, साप दिसला की त्याचे हातपाय गळतात, तेव्हा सोबत्याने पुढे व्हायचे. पोरगेलासा सोबती लहानशा भोकातून पलीकडे जाऊ शकतो. गाणाऱ्या बाईच्या किंकाळीने काचा फुटतात. (ही शक्ती आमच्या वाड्यातही एकदोघींपाशी आहे.) बाहुले मेले म्हणजे त्याचे ठोकळे इतस्ततः विखुरतात, मिळवलेल्या थोड्या चकत्या सांडतात, आणि पुढच्याच क्षणी ते पुन्हा उभे. माझ्यासारख्या मंद बोटांच्या माणसाला ही दया फार मोलाची वाटली. शिवाय मध्येच औषधाला उठावे लागले तर खेळ थांबत नाही. माझे बाहुले यंत्र स्वतः चालवते, ते नातीच्या बाहुल्यामागून निमूटपणे जात राहते, आणि मी परतलो की पुन्हा माझे होते.

पण खरी मौज वेगळीच. त्या काळच्या या खेळांतली बाहुली बोलतच नसत. चित्रपटाची सारी कथा हातवारे, खांदे उडवणे, एखादा हुंकार, एवढ्यावर निभावून नेलेली. आमच्या दशावतारात निदान संवाद तरी असतात; येथे तेही नाहीत. बाहुली मुकी, म्हणून बोलण्याचे काम आमच्याकडे आले. 'थांबा आजोबा!' 'उडी मारा!' 'अहो, मागे फिरा, मागे!' नातीच्या तोंडून जेवणापलीकडची मराठी वाक्ये मी प्रथम ऐकली ती त्या दोरीच्या पुलावर. उत्साह वाढला की आईची भाषा वर येई : 'आजो, हांगा यो!' शेजारचा मुलगा मागे उभा राहून ओरडे, 'अज्जा, इल्लि बर्री!' तिघांचे म्हणणे एकच, की म्हाताऱ्याने इकडे यावे. मी मात्र खड्ड्यात पडत असे.

पहिल्या खेळात दोघांना एकाच चौकटीत राहावे लागे. मी मागे रेंगाळलो की नातीला पुढे जाता येत नसे, ती माझ्यावर रागावे, आणि रागावण्यासाठी तिला आणखी मराठी शोधावी लागे. २००९ च्या दुसऱ्या भागात रचनाकारांनी यावर तोड काढली. दोन बाहुली दूर गेली की पडद्यावर आपोआप रेषा उमटते, दोघांना आपापले अर्धे मिळते. बाहुली जिकडे वळतील तशी ती रेषाही तिरपी होत फिरते. आणि जवळ आली की ती पुसून जाते. रेषांचे कौतुक आम्हा सीमाभागातल्या माणसांना सांगू नये. १९५६ पासून एका रेषेवर आमच्या तीन पिढ्या बोलत आल्या आहेत. तरी ही रेषा मला आवडली.

हे ठोकळे मूळचे डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचे. तेथला एक सुतार १९३२ साली लाकडी खेळणी करू लागला, आणि 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून त्याने 'लेगो' हे नाव घडवले. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीला गेलो की तेथील रंगीत लाकडी खेळण्यांपुढे मी हटकून उभा राहतो. दूरच्या त्या सुताराला चितारआळीत कोणी परका मानले नसते.

२०१२ पासून बाहुल्यांना वाचा फुटली. त्या वर्षीच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वरच्या खेळात तर चित्रपटातलेच संवाद घातलेले. नातीला ते कळत, मला नाही. ती ऐकू लागली, आणि आमच्या ओसरीवर शांतता पसरली. दोन सुट्ट्या तशाच गेल्या. मग तिचे वय वाढले, तिचे दिवस अभ्यासात जाऊ लागले, यंत्रावर कापड पडले.

२०२२ साली 'स्टार वॉर्स'च्या नऊ चित्रपटांवर नवा खेळ निघाला, तो निपाणीच्या नातवाने आणवला. त्यात बाहुल्यांना पुन्हा नुसते पुटपुटायला लावण्याची एक सोय ठेवलेली आहे. नातीने ती बंगळूरहून फोनवर त्याला सांगितली, आणि सांगितली मराठीतून : 'आधी त्यांचं बोलणं बंद कर, नाहीतर आजोबा खेळायचे नाहीत.' मात्र या खेळात दोघे बसले की पडदा पहिल्यापासून मधोमध चिरलेलाच असतो. कितीही जवळ जा, ती रेषा हटत नाही. नातवाला त्याचे काही वाटत नाही. मी अजून दर वेळी माझे बाहुले त्याच्या बाहुल्याला नेऊन चिकटवतो, आणि तो ओरडतो, 'आजोबा, सरका की वो!'