घाटातला थांबा

पुण्याहून मुंबईस जाताना ज्यांनी खंडाळ्यापुढचा प्रवास झोपेत काढला नसेल, त्यांस एक गोष्ट आठवत असेल. खंडाळा मागे पडावे, दोन-चार बोगदे संपावेत, धुक्यातून राजमाचीचे बालेकिल्ले दिसू लागावेत, आणि गाडी एकाएकी उभी राहावी. चढणारा-उतरणारा कोणी नाही. एक लहानशी केबिन, बाहेर पाण्याचे पिंप आणि पाचपन्नास माकडे. डब्यातील मंडळी घड्याळे पाहत आणि रेल्वेच्या कारभारावर यथेच्छ तोंडसुख घेत. आम्हीही ते घेतले असते. परंतु कर्जतला उतरून ज्या घरी आम्हांस जायचे असे, तेथे हा विषय काढण्याची सोय नव्हती. गाडी थांबविणारे गृहस्थ म्हणजे आमच्या मावशीचे यजमान, आमचे काका, हेच होते.

बोरघाटातून आगगाडी १८६३ साली सुरू झाली. सुमारे १६ मैलांत १८३१ फूट चढायचे, २५ बोगदे पार करायचे आणि काही ठिकाणी ३७ फुटांस एक फूट असा चढ. त्या काळी हे साहसच होते. १८६१ च्या सुमारास ४२००० वर माणसे या कामावर राबत होती. काकांना मात्र या आकड्यांपेक्षा एका बाईची हकीकत अधिक प्रिय होती. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार १८५९ साली विलायतेहून आला आणि थोड्याच आठवड्यांत आजाराने वारला. त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल हिने, परत न जाता अनुभवी माणसे हाताशी धरून नवऱ्याचे कंत्राट पुढे चालविले व तडीस नेले. ही गोष्ट सांगताना काका मावशीकडे पाहत, आणि मावशी म्हणे, "हो, तिला निदान कंत्राटाचे पैसे तरी मिळाले असतील!"

या टोमण्यात तथ्य नव्हते असे नाही. काका १९५२ साली नोकरीस लागले ते १९८८ साली निवृत्त झाले. त्यांतील बहुतेक वर्षे ते घाटातल्या केबिनींवर सहायक स्टेशनमास्तर होते. कधी मंकी हिल, कधी नागनाथ, कधी ठाकूरवाडी. बिऱ्हाड कर्जतला, घरात सासू आणि तीन मुले. जेवणाचा डबा चढणाऱ्या गाडीला मागून लागणाऱ्या एंजिनाच्या ड्रायव्हरकडे द्यायचा. गाडी केबिनीपाशी थांबणार नसली तर दुसरीची वाट पाहायची. श्रावणात दरड कोसळली म्हणजे बदलीचा माणूस वर पोचत नसे आणि काका दोन-दोन दिवस तेथेच अडकून पडत. मंगळागौरीच्या दिवशीही मावशीचे लक्ष पूजेपेक्षा आभाळाकडे अधिक असे.

आता गाडी थांबे का, ते सांगितले पाहिजे. इतक्या उतारावर ब्रेक निकामी झाले तर भरधाव सुटलेली गाडी आवरणे माणसाच्या हातचे नाही. म्हणून मुख्य रुळांतून मधूनच एक फाटा काढून तो डोंगराच्या चढावर नेलेला असतो. यास रेल्वेची माणसे कॅच सायडिंग म्हणतात. सुटलेली गाडी त्यावर चढून आपल्याच वजनाने दमावी, ही योजना. आणि त्यातली खरी मख्खी अशी की, सांधा नेहमी त्या चढाच्याच बाजूस लावून ठेवलेला असे. उतरणारी गाडी आली, पुरती उभी राहिली, ब्रेक ताब्यात आहेत हे तिने दाखवून दिले, म्हणजे मगच सांधा मुख्य मार्गाकडे फिरे. येणारी प्रत्येक गाडी सुटलेली आहे असे धरून चालावयाचे, मग ती मेल असो की मालगाडी. छत्तीस वर्षे हा अविश्वास बाळगणारा मनुष्य घरी संशयी होईल असे कोणासही वाटेल. काका तसे नव्हते. वाण्याची यादी न वाचता पैसे देत आणि मुलांची प्रगतिपुस्तके न उघडता सही करीत. आमच्या मते सारा संशय ते केबिनीतच संपवून येत असावेत.

थोरल्या मुलीस पाहावयास पुण्याहून पाहुणे यायचे होते, तेव्हाची गोष्ट घरात पुष्कळ दिवस चालली. काकांची पाळी सकाळची. पाहुण्यांची गाडी आधीच उशिरा धावत होती. ती केबिनीपाशी रीतसर उभी राहिली. मुलाचे वडील गाडीत आहेत हे काकांस ठाऊक होते, पण रिवाजात काडीचाही फरक झाला नाही. दुपारी पोह्यांची बशी हातात घेऊन ते गृहस्थ म्हणाले, "काय सांगू, घाटात कोणी एक दीडशहाणा बसला आहे, त्याने विनाकारण गाडी अडकवून ठेवली." काका शांतपणे चहा ओतीत राहिले. मावशीस मात्र राहवले नाही. ती दारातून म्हणाली, "तो दीडशहाणा आपल्यासमोरच बसला आहे, भाऊसाहेब."

क्षणभर कोणी बोलेना. स्थळ गेले, असे आम्हां मुलांस वाटले. मग त्या गृहस्थांनी विचारले, "आम्ही आत आहोत हे ठाऊक असूनही?" काका म्हणाले, "ठाऊक होते म्हणूनच. तुमच्या गाडीत आमच्या मुलीचे सासर होते."

लग्न त्याच वैशाखात झाले. काका २०१४ साली गेले. व्याही त्यांच्या आधी तीन वर्षे. परंतु हिंडते-फिरते होते तोवर व्याही पुण्याहून येत तेव्हा गाडी घाटात किती मिनिटे उभी होती ते घड्याळात पाहून येत आणि ओट्यावर चपला काढता काढताच सांगत. काका निवृत्त झाल्यावरही तो हिशेब गंभीरपणे ऐकून घेत, आणि मिनिटे कमी भरली तर पुन्हा विचारीत.