धरणे आणि सोडणे

ब्रेक म्हटले की आपल्या मनात थांबण्याचीच कल्पना येते. पेडल दाबले आणि गाडी थांबली, की ब्रेक चांगला, असा आपला साधा हिशेब असतो. परंतु ब्रेकचे अर्धे काम थांबविण्याचे असले, तर उरलेले अर्धे सोडण्याचे असते. पाय उचलताच चाक पूर्ण मोकळे झाले पाहिजे. जो ब्रेक धरतो पण सोडत नाही, तो झिजत राहतो, तापतो आणि खऱ्या गरजेच्या वेळी दुबळा ठरतो. ही गोष्ट मला पुस्तकातून नव्हे, तर घरच्या जुन्या मोटारीचे पुढचे कॅलिपर उतरविताना नीट उमगली.

आमच्या जयसिंगपूरच्या घरी १९९८ सालची मारुती झेन आहे. आण्णा, म्हणजे माझे वडील, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवीत असताना त्यांनी ती घेतली. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते. पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी ती नव्याने करून घ्यावी लागते. त्या हिशेबाने या गाडीचे तिसरे नूतनीकरणही झाले आहे. आण्णा आता ७८ वर्षांचे आहेत. दर रविवारी ते स्वतः गाडी घेऊन इचलकरंजीला आत्याकडे जात असत. त्यांनी आता गाडी चालवू नये, असे पुण्याच्या धाकट्या भावाचे स्पष्ट मत होते. घरात हा विषय निघाला की आण्णा काही न बोलता उठून अंगणात जात.

गेल्या हिवाळ्यात गाडी डावीकडे ओढू लागली. फेरी करून आल्यावर पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेला तर धग लागे आणि जळका वास येई. उजवे चाक मात्र जेमतेम कोमट असे. माझे आयुष्य साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये गेले असल्याने पाने हाताला अनोळखी नव्हते. एका सकाळी अंगणातील सपाट फरशीवर गाडी उभी केली, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले, हँडब्रेक ओढला आणि गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट थोडे सैल केले. मग जॅकने उचलून गाडी भक्कम स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर असलेल्या गाडीखाली हातही घालू नये, हा आमच्या वर्कशॉपचा पहिला नियम होता. आण्णा खुर्ची घेऊन शेजारी बसले.

चाक निघाल्यावर डिस्क आणि तिला चिमटीसारखे धरणारे कॅलिपर समोर आले. धूळ फुंकून उडविली नाही. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ओल्या फडक्याने पुसून घेतली. कॅलिपर दोन पिनांवर सरकते. त्या पिनांचे बोल्ट काढले की ते उचलता येते. मात्र ते रबरी नळीला लोंबकळत ठेवायचे नसते, कारण ताणाने नळी आतून फाटू शकते. मी ते तारेने वरच्या स्प्रिंगला टांगले. नळी मुळीच सोडविली नाही. ती सोडवली असती, तर तांब्याचे नवे वायसर घालून ब्रेक ऑइलमधील सगळी हवा काढावी लागली असती.

आण्णांमधला शिक्षक एव्हाना जागा झाला होता. "पास्कलचा नियम आठवतो का? बंद द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. म्हणून तर पायाच्या एवढ्याशा जोराने गाडी थांबते." मग त्यांनी विचारले, "पण पिस्टन मागे कसा येतो? त्याला स्प्रिंग कुठे आहे?" उत्तर पिस्टनभोवतीच्या चौकोनी काठाच्या रबरी कड्यात आहे. पिस्टन पुढे जाताना ते कडे किंचित मुडपते आणि दाब जाताच मूळ आकारावर येते. तेवढ्यानेच पिस्टन केसभर मागे ओढला जातो. ब्रेकचे सोडणे त्या केसभर अंतरावर अवलंबून असते.

दोष कोठे आहे, हे पॅडनी सांगितले. आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजला होता, बाहेरचा निम्मा शिल्लक होता. पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो, तेव्हा सबंध कॅलिपर पिनांवर उलट दिशेने सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर आणते. येथे खालची पिन गंजून अडकली होती. तिचे रबरी बूट फाटून आत पाणी गेले होते. खात्रीसाठी दुसरी शक्यताही तपासली. जुनी नळी आतून फुगली तर दाब आत कोंडून राहतो. अशा वेळी ब्लीडिंगचा नट किंचित सैल करताच चाक मोकळे होते. येथे तसे घडले नाही. सांगलीहून नव्या पिना, बूट आणि दोन्ही बाजूंचे पॅड आणले. पिनांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावले, कारण साध्या ग्रीसने रबर फुगते. पिस्टन मागे दाबताना बरणीतील ब्रेक ऑइल वर चढून सांडणार नाही, याकडे लक्ष ठेवले. ते रंगावर पडले तर रंग उडतो. डावे पूर्ण झाल्यावरच उजवे उघडले, म्हणजे जोडणीचा नमुना समोर राहतो.

शेवटी आण्णांना ड्रायव्हरच्या जागेवर बसविले. पॅड बदलल्यावर पहिल्या दाबात पेडल तळाला जाते. ते कडक होईपर्यंत गाडी हलवायची नसते. मी चाकाजवळून "दाबा", "सोडा" म्हणत होतो. "सोडा" म्हणताच डिस्क हाताने सहज फिरू लागली. मी समाधानाने उठलो, पण आण्णा जागेवरून उठले नाहीत.

"तू 'दाबा' म्हणतोस आणि माझा पाय पडतो, त्यात थोडा वेळ जातो," ते म्हणाले. "तुला दिसला नसेल. मला वर्षभर कळतोय." मग फळ्यावर गणित मांडावे तसे ते सांगू लागले, "ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. अर्धा सेकंद उशीर म्हणजे ८ मीटर. या गाडीच्या दुप्पट लांबीहून जास्त. आणि उसाच्या ट्रॉलीला रात्री मागे दिवा असतोच असं नाही."

"मग काय करायचं, आण्णा?" मी विचारले.

"अंधार पडल्यावर नाही. मोठ्या रस्त्यावर नाही. इचलकरंजीला नात चालवेल, मी शेजारी बसेन. गावातलं मात्र माझ्याकडे राहू द्या. आणि डोळे तपासायला या आठवड्यात घेऊन चल."

भावाला रात्री फोनवर हे सांगितले, तेव्हा त्याला प्रथम खरे वाटले नाही. दोन वर्षे आम्ही जे त्यांना पटवून देऊ पाहत होतो, ते त्यांनी स्वतःच मोजले होते. किती सोडायचे आणि किती ठेवायचे, तेही त्यांनीच ठरविले होते. आम्ही ते तसेच मान्य केले.

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे, त्यांनी महिन्यातून एकदा फेरी संपल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन पाहावे. डिस्कला मात्र स्पर्श करू नये, ती भाजते. एकच चाक इतरांहून अधिक तापत असेल, तर विलंब न करता कॅलिपर उतरवून घ्यावे. हाताला सवय नसेल, तर ते काम जाणत्या कारागिरावर सोपवावे. आणि वडीलधाऱ्यांकडून किल्ली मागण्यापूर्वी त्यांच्याशेजारी थोडा वेळ निवांत बसावे. जे आपण त्यांना सांगू इच्छितो, ते कदाचित त्यांना आधीच कळलेले असते.