गारठा हवेला, थंडपणा माणसाला

रॉबर्ट हेडन ह्या अमेरिकन कवीची ‘दोज विंटर संडेज’ ही चौदा ओळींची कविता मी अनुवादाच्या तासाला अधूनमधून घेते. १९६२च्या संग्रहातली ही कविता पहिल्या वाचनात विद्यार्थ्यांना सोपी वाटते. रविवारीसुद्धा अंधारात उठणारा कष्टकरी बाप, कामाने भेगाळलेले त्याचे हात, त्याने पेटवलेला विस्तव, पॉलिश करून ठेवलेले बूट आणि ह्या कशाचीही दखल न घेणारा मुलगा. अडते ते ‘कोल्ड’पाशी.

तिन्ही कडव्यांत हा शब्द एकेकदा येतो. आधी ती पहाटेची थंडी असते. मग ती तडकताना, मोडताना ऐकू येते. शेवटी बापाने तिला घराबाहेर घालवलेले असते. ‘गारठा’, ‘कडाका’, ‘हिंव’ असे एकाहून एक सरस शब्द मुले सुचवतात. पण इंग्रजीत माणूसही ‘कोल्ड’ असतो. मुलगा बापाशी ज्या बेपर्वाईने बोलतो, तीही थंडीच. विस्तवाने एक थंडी जाते, दुसरी घरातच राहते, आणि कवीला ते वेगळे सांगावे लागत नाही. मराठीत गारठा हवेलाच असतो. माणसाला आपण ‘थंड’ म्हणतो खरे, पण त्या शब्दात ती पहाट नाही.

ह्या शब्दाची इंग्रजीतली वस्ती मोठी आहे. सर्दी त्याचीच, कचरणारे पाय आणि फिरवलेला खांदाही त्याचेच. गंमत रक्ताची आहे. फ्रेंचांचे ‘सांफ्रॉय’, म्हणजे शब्दशः थंड रक्त, इंग्रजीने जसेच्या तसे घेतले तेव्हा त्याचा अर्थ संकटातले धैर्य असा राहिला. तेच इंग्रजीत भाषांतरित झाल्यावर खुनाला चिकटले. ट्रूमन कपोटीच्या १९६६च्या पुस्तकाच्या नावात ते आहे. उलट बायबलमध्ये तहानलेल्याला दिलेला पेलाभर थंड पाणी हे पुण्यकर्म ठरते. पण ते पुस्तक उन्हाच्या मुलखातले. आपल्याकडे चंदन, चांदणे आणि माठातले पाणी ह्यांच्या पंगतीतल्या ‘शीत’ला ‘युद्ध’ जोडले गेले, तेव्हा ते कानाला किती विपरीत वाटले असेल! आता वाटत नाही. असो.

मी बावीस वर्षांची असताना आई गेली. अण्णा रडले नाहीत. कोणाकोणाला कळवायचे त्याची यादी ते बारीक अक्षरात करत बसले होते. “तुझे अण्णा अगदी थंड आहेत गं,” मामा माझ्या कानाशी म्हणाला. मलाही ते पटले. इतके पटले, की पुढे कित्येक वर्षे त्यांच्याविषयी बोलताना मी तोच शब्द वापरत राहिले.

लहानपणी मला ताप आला, की मिठाच्या पाण्याच्या घड्या अण्णाच ठेवत. घडी बदलताना पाणी पिळल्याचा आवाज तेवढा रात्रभर येई. उन्हाळ्यात सूर्य कलला, की तापलेल्या गच्चीवर बादल्या ओतत. आमची अंथरुणे पडेपर्यंत फरशी निवलेली असे. हेडनचा बाप थंडी घालवत होता, हा माणूस ऊन घालवत होता. बोलत दोघेही नव्हते.

एकदा वाटले, कवितेचा सगळा हंगामच बदलून टाकावा. थंडीच्या जागी वैशाख आणावा, विस्तवाच्या जागी गच्चीवरचे पाणी. करूनही पाहिले. कविता जमली नाही. कारण ‘निववले’ म्हटल्याबरोबर मराठीत माया उघडी पडते, आणि मूळ कवितेत मुलाला ती दिसत नाही हीच तर गोष्ट आहे. तो कागद मी वर्गात नेला नाही.

गेल्या मे महिन्यात घरी गेले होते. अण्णा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मी उठायच्या आत माठ भरलेला होता, भोवतीचे फडके ओले होते आणि ते खाली बागेत होते. मी पेला बुडवला, पाणी प्याले आणि पेपर उघडला.