लॅबवाल्या काकांचं देणं

मी बरी झाले ती औषधांनी. पण ती औषधं शेवटपर्यंत घेतली, ती तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या लॅबवाल्या काकांमुळे.

बारावीनंतर खोकला धरला, संध्याकाळी बारीक ताप यायचा. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले, तेव्हा काकांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. निळ्या रंगावर लालसर, किंचित वाकड्या काड्या दिसल्या. "याचं कवच मेणचट असतं. गरम करून चढवलेला लाल रंग आम्लानंही धुतला जात नाही," काका म्हणाले.

दिवसाआड गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनी थुंकी स्वच्छ आली, वजन वाढलं. घरात सगळे म्हणू लागले, झालं की आता, पोरीला किती गोळ्या चारायच्या? काकांनी बाबांना बोलावून घेतलं. "वाढणारे जंतू मेलेत, साहेब. दबा धरून बसलेले अजून आत आहेत." उरलेले चार महिने गोळी गिळल्याशिवाय त्यांनी मला समोरून हलू दिलं नाही.

त्या दोन वाक्यांचा अर्थ पुढे सूक्ष्मजीवशास्त्र शिकताना उलगडला. आतड्यातला इ. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. त्याला गिळणाऱ्या आपल्याच पेशीत तो राहतो, तिथली चरबी आणि कोलेस्टेरॉल खातो. क्षयाच्या गाठीत प्राणवायू संपला की वाढ थांबवून नुसता तगून राहतो. माझ्या गोळ्यांतलं आयसोनियाझिड कवचाची बांधणी रोखतं. जो बांधतच नाही, त्याच्यावर ते फारसं चालत नाही. अशा सुस्त जंतूंवर पायराझिनामाइड चालतं. रिफाम्पिसिनच्या जोडीला ते आलं म्हणून नऊ महिन्यांचे उपचार सहावर आले. माझे सहा महिने त्या औषधाचेही ऋणी आहेत.

काका आता निवृत्त आहेत. 2012 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या बेडाक्विलिनबद्दल मी त्यांना परवा फोनवर सांगत होते. ते जंतूचं ऊर्जा बनवणारं यंत्रच बंद पाडतं. स्वस्थ बसलेल्यालाही तगायला थोडी ऊर्जा लागतेच, म्हणून तोही सुटत नाही. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे दीड-दोन वर्षांचे उपचार आता अनेकांसाठी सहा महिन्यांवर आलेत, हे ऐकून काका खूश झाले. मग म्हणाले, "दोन महिन्यांनी पोरांना बरं वाटायला लागेल. तेव्हा घरच्यांना बोलावून सांगणारं कुणी आहे ना गं तिथं?"