खाडीच्या तोंडाशी

दासगावच्या बंदरात आता मुंबईची बोट लागत नाही. मुंबई-गोवा रस्त्यावरून मोटारी भरधाव निघून जातात, आणि येथे कधी काळी बंदर होते हे नव्या माणसाला सांगूनही खरे वाटत नाही. पण भरतीचे पाणी सावित्रीच्या खाडीतून अजूनही येथवर चढते. 1927 च्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून निघाले ते जलमार्गानेच. दासगावला उतरून ते सहकाऱ्यांसह पायी महाडला गेले. त्या बोटी जिकडून आल्या तिकडे, खाडीच्या तोंडाशी, वेळासला दोन रात्री राहायचे असे आम्ही गेल्या फाल्गुनात ठरवले.

निमित्त झाले एका सहकारी प्राध्यापकांचे. गालापागोस बेटांवरच्या कुठल्याशा हॉटेलाचे रंगीत पत्रक ते कॉलेजात घेऊन आले होते. समुद्राला लागून इमारत, सूर्याच्या उष्णतेवर तापणारे पाणी, पायरीवर सरडे, वाळूत कासवे आणि खाली ज्वालामुखीचा काळा खडक! भाडे वाचले आणि पत्रक घडी घालून परत केले. मराठीच्या अध्यापकाने पॅसिफिक महासागर नकाशातच पाहावा.

शिवाय ज्वालामुखीचा खडक तर आपल्या पायांखालीच आहे. गालापागोसची बेटे फार तर काही दशलक्ष वर्षांची. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. दासगावासमोर खाडीपलीकडे सव येथे गरम पाण्याचे झरे आहेत. पुष्कळांना तो ज्वालामुखीचाच उरलेला निखारा वाटतो. तसे नाही, भेगांतून खोल मुरलेले पाणी तापून वर येते, इतकेच. महाडकडे सावित्रीत मगरी आहेत, आणि त्या काठावर ऊन खात पडल्या तर आमच्याकडे कोणी पत्रक छापीत नाही. मात्र हा खडक आणि त्यावरची माती नुसती चित्रात शोभण्यापुरती नव्हे. 2005 च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन येथे दरडी कोसळल्या आणि घरेच्या घरे माणसांसकट गाडली गेली. पावसाची झड लागली की डोंगराकडे पाहण्याची सवय येथल्या माणसांना आहे.

म्हाप्रळ, मंडणगड करीत आम्ही वेळासला पोहोचलो. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव. हॉटेल म्हणावे असे काही आम्हाला लागले नाही. एका घराच्या पडवीत आमच्या गाद्या पडल्या. जेवायला भात, आमटी आणि वर सोलकढी. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी पूर्वी येथून खाण्यासाठी, विकण्यासाठी नेली जात. 2002 पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे घरोघर उतरू लागले. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी. ती कुंपणातल्या वाळूत पुन्हा पुरायची आणि दीड-पावणेदोन महिने वाट पाहायची. वाळू अधिक तापली तर माद्या जास्त निपजतात, ही गोष्ट यजमानांनी मला एखाद्या शास्त्राच्या प्राध्यापकाच्या थाटात सांगितली.

रात्री ओटीवर बसलो असता ते म्हणाले, "मास्तर, समुद्राकडच्या जागेला गिऱ्हाईक येतंय. मुलगा म्हणतो, देऊन टाका."

"मग?"

"दिली की तिथे दिवे लागणार. पिल्लू उजेडाकडे जातं. समुद्र सोडून हॉटेलात शिरायचं!"

ते हसले, पण मुलाचे म्हणणे त्यांनी खोडून काढले नाही. मोसम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. बाकीचे वर्ष मुलाने काय करावे? कासवांची काळजी वाहणाऱ्या आम्हा पाहुण्यांपैकी कोणालाही ते वर्ष काढायचे नसते. माझ्यापाशीही उत्तर नव्हते. पंखा नीट लागत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या शेजारच्या पाहुण्यांचा मात्र मला त्या घटकेला राग आला.

संध्याकाळी टोपल्या उचलल्या होत्या त्या रिकाम्याच निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एकीखाली एकच पिल्लू निघाले, जेमतेम तळहाताच्या खळग्यात मावेल एवढे. दोरीमागे चाळीसएक माणसे उभी होती. ओल्या वाळूवर सोडताच ते चालू लागले. पहिल्या लाटेने त्याला उलटे करून मागे फेकले. ते सावरले, थोडे थांबले, पुन्हा निघाले. दुसऱ्या लाटेनेही तेच केले. यजमान हात मागे बांधून पाहत होते. तिसरी लाट आली आणि ओसरली तेव्हा वाळूवर काही नव्हते.