गोदाकाठची मांजरं

नाशिकला गेलात की रामकुंडावर जालच. परतताना जुन्या वाड्यांच्या बोळात जरा थांबा. भिंतीवरच्या भाटीच्या कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं, तर हळहळू नका. पिलं न होण्याचं ऑपरेशन झाल्याची ती खूण!

आमच्या घरी पूर्वी पिलं पिशवीत घालून गोदेपलीकडे सोडत. एकदा मीच गेले होते. भाटी तीन रात्री माळ्यावर ओरडत होती. अडीच महिन्यांत पुन्हा व्याली. अहो, पाच महिन्यांचं पिलूही गाभण राहतं, पिशव्या पुरणार किती?

त्यापेक्षा चार घरांनी वर्गणी काढावी, सुकटीच्या वासावर भाटी पिंजऱ्यात धरावी, ऑपरेशननंतर त्याच बोळात सोडावी. मुंबई महापालिकेने २०१९ मध्ये हे काम हाती घेतलं. आमची भाटी आता माळ्यावर निवांत झोपते. फक्त पिशवी दिसली, की पळते.